झेलीचा शेवटचा नियम

पंचशीला काय काम करते, असं परळीत त्यांच्या गल्लीत विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कुणी म्हणे ती कॉम्प्युटरवर नावं भरते, कुणी म्हणे पोरांसाठी कार्टून काढते. शेजारच्या छबुबाईंचं म्हणणं असं की, ती दिवसभर कानाला वायर लावून पुण्याच्या लोकांशी भांडते आणि त्याचाच तिला पगार मिळतो. खरं सांगायचं तर छबुबाईच सत्याच्या सगळ्यात जवळ होत्या.

पुण्याचा एक स्टुडिओ लहान मुलांसाठी मारधाडीच्या अॅनिमेशन मालिका काढायचा. हवेत उडणारे, भिंतीतून आरपार जाणारे, डोळ्यांतून ज्वाळा सोडणारे वीर. पंचशीला तिथं आधी चित्रांच्या नुसत्या रेघा साफ करायला लागली होती. एकदा सगळ्यांच्या बैठकीत तिने विचारलं, की आपल्या या पहिलवानाने तिसऱ्या भागात ट्रक उचललाय, मग पाचव्या भागात त्याला साधं दार का ढकलवत नाही? लेखक म्हणाला, मुलं कुठं एवढं ध्यानात ठेवतात. ती म्हणाली, मुलंच ठेवतात, विसरतात ते मोठे. दिग्दर्शिका विजयमाला मॅडमना ते पटलं आणि त्या दिवसापासून कोणत्या वीराला कोणती शक्ती द्यायची, ती किती, कशाने संपते, तिची किंमत काय, हे ठरवायचं आणि शेवटच्या भागापर्यंत ते कुणाला मोडू द्यायचं नाही, हे काम पंचशीलाच्या गळ्यात पडलं. कामाचं ओझं वाटण्याऐवजी पोरगी हरखून गेली. पुण्यातली खोली सोडून ती परळीला आईजवळ आली आणि घरूनच काम करू लागली.

प्रत्येक वीराचा एकेक कागद ती बनवायची. स्टुडिओत त्याला पॉवर शीट म्हणत. पण तिच्या कागदावर शक्ती पहिल्या ओळीत कधीच नसायची. पहिल्या ओळीत माणूस. तो कसा आहे, कशाला भितो, काय केल्याशिवाय त्याला राहवत नाही. शक्ती त्यातून निघाली पाहिजे, असा तिचा हट्ट. भित्र्या माणसाला अदृश्य करा, शोभेल. रागीट माणसाला अदृश्य करून काय उपयोग, तो दोन मिनिटांत ओरडेल आणि सापडेल. असं ती सांगू लागली की पुण्याची मंडळी हसायची, पण लिहूनही घ्यायची. माणूस आपण बरोबर ओळखतो, याची तिला खात्री झाली होती. खात्री ही मोठी वाईट चीज आहे, पण ते पुढं.

घर दोन खोल्यांचं. वडील, ज्ञानोबा, ती आठवीत असताना गेलेले. आई चतुराबाई राखेच्या विटांच्या कारखान्यावर कामाला. वीज केंद्राची राख, तिच्या विटा पाडायच्या, ओल्या विटा फळीवर रचून वाळवायला वाहून न्यायच्या. परळीत राख काही कुणाला नवी नाही; सकाळी दोरीवर घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी वेगळाच निघतो. चतुराबाईने लेकीच्या लॅपटॉपसाठी जुन्या लुगड्याचं आवरण शिवलं होतं आणि लेकीपेक्षा तीच ते जास्त सांभाळायची.

बाई कमी बोलायची. पण जे बोलायची ते खरं. दर पौर्णिमेला विहारात जाऊन पंचशील घ्यायची, आणि घेतलेलं पाळायचं असतं असा तिचा साधा समज होता. लेकीला बघायला बीडहून पाहुणे आले होते. मुलगा कोर्टात कारकून. मुलाच्या आईने सहज विचारलं, मुलीला स्वयंपाक येतो ना? दुसरी कुणी असती तर "येतो की" म्हणून मोकळी झाली असती. चतुराबाई म्हणाली, वरण चांगलं करती, भाकरीचे मात्र अजून नकाशे होतेत. पाहुणे चहा पिऊन जे गेले ते गेलेच. पंचशीला दोन दिवस फुगून बसली. तिला तो मुलगा पसंत होता असं नाही, पण नकाशे हा शब्द तिला लागला. आईचं उत्तर एकच होतं.

"त्यांनी इचारलं म्हणून सांगितलं. इचारल्यावर खोटं कसं बोलू?"

हा किस्सा पंचशीलाने पुण्याच्या मित्रमैत्रिणींना हसून हसून सांगितला. वहीत मात्र उतरवला नाही. वहीत तिने दुसरंच काही उतरवलं.

झालं असं की, स्टुडिओने नवी मालिका काढायची ठरवली आणि विजयमाला मॅडमना एक मुलगी हवी होती, वीर. पंचशीला पंधरा दिवस डोकं खाजवत होती. एका संध्याकाळी खिडकीतून बघते तर छबुबाई गॅसची टाकी गल्लीतून ओढत आणताहेत आणि आई नुकतीच कामावरून येतेय. चतुराबाईने पिशवी खाली ठेवली, टाकी कमरेवर घेतली आणि छबुबाईंच्या ओट्याशी नेऊन ठेवली. ना बोलणं, ना चालणं. दिवसभर विटा वाहून आलेली बाई. पंचशीलाने त्याच मिनिटाला वही ओढली.

झेली. वय चौदा. दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं तिला बघवत नाही. तिने हात लावला की समोरच्यावर कोसळणारा भार, मग ती भिंत असो की उलटलेली बस, तिच्यावर येतो. घेतलेला भार परत देता येत नाही, तो पायांवाटे सावकाश जमिनीत उतरवावा लागतो. किती झेलता येईल हे तिलाही माहीत नाही. आणि शेवटचा नियम: झेली दमल्याचं कुणाला सांगत नाही. विचारलं तरी "काही नाही" म्हणते.

ऑनलाइन बैठकीत सगळ्यांना झेली आवडली. विजयमाला मॅडमनी शेवटच्या नियमावर बोट ठेवलं. हा कुठून आला, म्हणाल्या, फार खरा वाटतो. पंचशीला म्हणाली, मी अशाच एका माणसाबरोबर राहते. पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतून माना हलल्या. तिला त्या दिवशी फार बरं वाटलं. संध्याकाळी तिने आईला सांगितलं, की तुझ्यावरून एक पोरगी केलीय, ती लोकांना वाचवते. चतुराबाईने विचारलं, तिला पगार किती मिळतो? मग दोघी हसल्या आणि जेवायला बसल्या.

तेरा भागांचं लिखाण सुरू झालं. झेलीने शाळेचं छत झेललं, पुलाचा कठडा झेलला, रेल्वेचा डबा झेलला. अडचण एकच राहिली. झेली जर बोलणारच नाही, तर ती दमलीय हे बघणाऱ्या मुलांना कळायचं कसं? शेवटच्या भागात ती कोसळणार होती, आणि त्याआधी काहीतरी खूण दिसायला हवी, प्रत्येक भागात, अगदी बारीक, एकसारखी. लेखकाने सुचवलं, कपाळावर घाम दाखवू. पंचशीला म्हणाली, घाम सगळ्यांनाच येतो.

मग एक दिवस, दिवेलागणीच्या आधी, आई कामावरून आली आणि उंबऱ्यातच थांबली. डावा तळवा चौकटीवर उंच टेकवलेला, सगळं अंग उजव्या पायावर, तोंड वळवून गल्लीकडे, जणू कुणी मागून यायचंय आणि त्याची वाट बघतेय. मागून कुणीच यायचं नव्हतं. पाच-सहा श्वास तशी उभी राहिली, मग चपला काढून आत आली आणि चुलीकडे गेली.

पंचशीलाला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. हीच खूण! दमलेला माणूस दमला असं न दाखवता कसा उभा राहतो, ते तिला सापडलं होतं. तिने पाच मिनिटांत चित्र काढून पुण्याला पाठवलं आणि तिकडून लगेच फोन आला, की अप्रतिम आहे, याचा व्हिडिओ मिळेल का? चित्रं हलवणारे लोक तसंच काम करतात. माणूस खरोखर कसा हलतो ते मोबाइलवर टिपतात आणि एका सेकंदाची चोवीस चित्रं एकेक करून तपासतात.

दुसऱ्या दिवशी तिने आईला सांगितलं, बाहेर जा आणि कालच्यासारखी आत ये. चतुराबाई आधी लाजली, मग गेली. आली. पंचशीला म्हणाली, हात आणखी वर. परत गेली, परत आली. उजेड कमी पडला, परत. मध्ये मांजर आलं, परत. अकरा वेळा बाई ओट्याची पायरी उतरली आणि चढली, दिवसभराच्या कामानंतर. बाराव्या वेळी पंचशीला म्हणाली, "आई, आता तोंडावर काही दिसू देऊ नको. दुखतंय खुपतंय असं कुणाला वाटायलाच नको."

"ते येतंय मला," चतुराबाई म्हणाली, आणि ते तिने असं केलं की मोबाइलमागून बघणाऱ्या लेकीला धन्य वाटलं.

असं तीन संध्याकाळी चाललं. शेवटच्या भागाचं काम महिन्याच्या पंधरा तारखेला द्यायचं होतं. आईने रोज येऊन विचारावं, आज हाय का तुझं ते शूटिंग, आणि हो म्हटलं की पदर नीट करून बाहेर जावं.

अकरा तारखेला सकाळी चतुराबाई डबा घेऊन कामावर गेली. साडेअकराला छबुबाईंचा फोन आला. त्याही त्याच कारखान्यावर होत्या. विटांची फळी खाली ठेवून चतुराबाई बसली आणि बसल्या जागी कलंडली, एवढंच त्यांना सांगता आलं. रिक्षा मिळेपर्यंत, दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. पंचशीला पोचली तेव्हा आईच्या हातांवर विटांची ओली राख वाळून पांढरी पडली होती. ती तिने आपल्या ओढणीने पुसली, बोटाबोटांतली, नखांतली, आणि नर्सने खांद्याला धरून उठवेपर्यंत ती पुसतच होती.

त्यानंतरचे दिवस जसे जातात तसे गेले. माणसं आली, भंतेजी आले, फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या, सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण पंचशील म्हटलं. पंचशीलाला स्वतःच्या नावाचे शब्दसुद्धा ओठांवर येईनात. विजयमाला मॅडमनी कळवलं, की उरलेलं काम दुसऱ्याला देतो, तू बघूसुद्धा नको. तिने ऐकलं नाही. पंधरा तारखेला तिने झेली स्वतःच्या हाताने पुरी करून पाठवली. लोकांना वाटलं पोरगी धीराची. धीर कसला, हात थांबले असते तर ती वेडी झाली असती.

आईच्या स्मृतीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि छबुबाई मागं भांडी घासायला थांबल्या. दोघीच होत्या. पंचशीला बोलून गेली, की आईनं कधी काही कळूच दिलं नाही, एका शब्दानं सांगितलं नाही कुणाला.

छबुबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मला सांगितलं व्हतं की," त्या म्हणाल्या.

पंचशीलाला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. पण छबुबाई सावकाश सगळं सांगत गेल्या. दोन महिन्यांपूर्वी कारखान्यावर चतुराबाई हौदाच्या भिंतीला हात लावून उभी दिसली. छबुबाईंनी विचारलं, काय होतंय गं? तर तिने लगेच सांगितलं, छाती भरून येतीय, डाव्या हाताला मुंग्या येतेत, चार पायऱ्या चढल्या की दम लागतोय. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. दोघी मिळून एका डॉक्टरकडे गेलत्या. डॉक्टरांनी अंबाजोगाईला मोठ्या तपासण्या करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. छबुबाई म्हणाल्या, लेकीला सांग. रोज म्हणाल्या.

"मग कावून न्हाई सांगितलं तिनं मला?"

छबुबाईंना उत्तर द्यायचं नव्हतं. बाई तोंडाने फटकळ असली तरी मनाने तशी नव्हती. पण पंचशीला समोरून हलेना.

"म्हणायची, पोरीचं काम लई जोरात हाय, पंधरा तारखेला संपतंय, तवर आपण होऊन कशाला तिच्या जिवाला घोर लावू. तिनं इचारलं की सांगते." छबुबाईंनी पदराने डोळे पुसले. "तुझी आई खोटं बोलत न्हवती गं. इचारलं असतं तर सांगितलंच असतं."

पंचशीला त्या रात्री जेवली नाही हे सांगायला नको. ती आपल्याच घरात आठवत बसली. अकरा वेळा, बारा वेळा, तीन संध्याकाळी, ती आईला काय काय म्हणाली होती. हात वर घे. इकडं बघू नको. थोडी अजून थांब. पुन्हा ये. सगळं सगळं म्हणाली होती. आई, तुला काय होतंय, हे चार शब्द तिने एकदाही म्हटले नव्हते. आणि म्हटले का नव्हते, तर उत्तर तिने आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून. विचारलं तरी "काही नाही" म्हणते. हे वाक्य तिने आईच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं. सुंदर दिसलं म्हणून लिहिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणून खरं मानलं, आणि मग जिवंत आईपेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवला. ही चूक विटा वाहणाऱ्या छबुबाईंच्या हातून झाली नसती. माणसं वाचण्यात आपण पटाईत, असं ज्याला वाटतं त्याच्याच हातून ती होते.

मालिका दिवाळीत आली. मुलांनी झेलीला डोक्यावर घेतलं. परळीत पोरं ओट्यावर चढून चौकटीला हात टेकवायची आणि धाडकन पडायची, आया ओरडायच्या. पंचशीला खिडकी लावून घ्यायची.

जानेवारीत विजयमाला मॅडमचा फोन आला. दुसऱ्या पर्वाला मंजुरी मिळाली होती. त्यांनी आधी तिची चौकशी केली, मग हळूच म्हणाल्या, झेलीच्या कागदात काही बदल करायचा असेल तर आत्ताच सांग. पंचशीला म्हणाली, शेवटचा नियम बदलायचाय. झेली आपण होऊन सांगत नाही, हे राहू द्या. पण विचारलं तर ती सांगते, खरं ते सांगते.

मॅडम म्हणाल्या, मला समजतंय गं, पण तूच आम्हाला शिकवलंस ना? पहिल्या तेरा भागांत मुलगी "काही नाही" म्हणत आली आणि चौदाव्यात भडाभडा सांगायला लागली, तर मुलं पकडतील. "तू एकदा सगळे भाग तपास. जिथं जिथं ती असं म्हणते त्या जागा काढ. मग बघू कसं जुळवायचं."

हे तर तिचंच काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पंचशीला वही घेऊन बसली आणि पहिल्या भागापासून बघू लागली. शाळेचं छत पडलं, झेलीने झेललं, मुलं वाचली, मुलांनी उड्या मारल्या. झेली दाराला टेकून उभी राहिली. पुलाचा कठडा. लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. रेल्वेचा डबा. स्टेशनमास्तरने हार घातला. तिच्या मित्रांनी पुढची मोहीम सांगितली, गुरुजींनी शाबासकी दिली, शहराने तिचा पुतळा उभारला. दुपार झाली. छबुबाई ताट ठेवून गेल्या, ते निवलं. तेराव्या भागात झेली कोसळली, सगळे धावले, रडले, आणि पडदा काळा झाला. पंचशीलाने पुन्हा पहिल्यापासून एकेक संवाद वाचून काढला, पटकथेचे कागदसुद्धा पाहिले. एखादी जागा नजरेतून सुटली असेल असं तिला वाटत होतं. सुटली नव्हती. लिहिणाऱ्यांनी तिचा नियम इतका मनापासून पाळला होता, की उत्तर ठरलेलं आहे तर प्रश्न कशाला लिहायचा, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

संध्याकाळी तिने मॅडमना फोन लावला.

"नियम बदलता येईल," ती म्हणाली. "काहीच मोडत नाही. तेरा भागांत झेली एकदाही 'काही नाही' म्हणत नाही."

"असं कसं?"

"तिला कुणी विचारलंच नाहीये."